इन्साफने काय लपवलं

माझी थोरली जाऊ तफीदा दूध घेताना आधी वास घेते, मग नखावर थेंब टाकून बघते आणि शेवटी दूधवाल्याच्या तोंडाकडे बघते. तोंडाकडे बघणं सगळ्यात महत्त्वाचं, असं तिचं म्हणणं. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने आपल्या भावाला माझ्या थोरल्या दिरांच्या मागावर सोडलं होतं, कुठे दुसरा संसार तर नाही ना बघायला. बिचारा सगळं दमनहूर शहर पायी तुडवून आला आणि म्हणाला, माणूस कापसाच्या गिरणीत जातो आणि घरी येतो. तफीदाला तेही संशयास्पदच वाटलं. इतका सरळ माणूस असतो का कुठे?

मी तिच्या वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. पण तिचा खरा संशय होता तो समोरच्या इन्साफवर.

इन्साफ विधवा, एकटी, तोंडाने मोकळी. तिचे ईदचे कहक, सारण भरलेली गोल बिस्किटं, आमच्या गल्लीत नावाजलेले. तोंडात घातला की जिभेवर विरघळतो, फक्त खजुराचं सारण मागे उरतं. आणि ही बाई कृती कुणालाही सांगते, न विचारता सांगते. "मैद्यावर तूप कडकडीत ओता, चर्र आवाज आला पाहिजे. मग तळव्यांनी चोळा, कणन् कण तूप प्यायला पाहिजे. यीस्ट आणि दूध घातलं की मळू नका, नुसतं गोळा करा." आम्ही सगळ्या तसंच करतो म्हणायचो आणि सगळ्यांचे कहक कडक व्हायचे. तफीदाच्या कहकांनी तर लहान मुलं गोट्या खेळायची.

"जी बाई न मागता सगळं सांगते ना करीमा," तफीदा मला म्हणायची, "ती मुद्द्याची गोष्ट पदराखाली ठेवते. लिहून ठेव."

त्या वर्षी मात्र गंमत उरली नव्हती. तफीदाच्या रेहाबचं रमजानच्या आधी लग्न झालं होतं. पहिल्या ईदला लेकीच्या सासरी आईने कहक पाठवायचे, हा रिवाज. आणि रेहाबची सासू हाज्जा कौसर कहक खात नाही, आधी मोडते. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, दोन बोटांत धरून. आवाज आला की सुनेकडे बघते. थोरल्या सुनेच्या माहेरच्या कहकचा आवाज आला होता. तिला त्या घरात अजून 'दगडवाल्यांची' म्हणतात. रेहाबने फोनवर आईला एवढंच सांगितलं, "अम्मी, विकतचे पाठवू नकोस, त्यांना कळतं. पण तुझेही..."

तफीदा दोन दिवस धुमसली आणि नाक मुठीत धरून इन्साफच्या दारात गेली. इन्साफ म्हणाली, "अगं, एवढंच ना? तुझ्याच घरी येऊन करते. बघ डोळ्यांनी."

आणि आली. तफीदाने तिला बाह्या कोपरापर्यंत वर करायला लावल्या. मी लाजेने मेले. इन्साफ हसली. "झडती घे बाई, खिसेही उलटे करू?"

"कर," तफीदा म्हणाली.

इन्साफने खिसे उलटे केले. त्यातून एक रुमाल आणि घराची किल्ली निघाली. मग तिने बोलल्याप्रमाणे सगळं केलं. चर्र आवाज आला. मैदा चोळला, दूध घातलं, पीठ हलक्या हाताने गोळा करून झाकलं आणि ती दुपारच्या नमाजाला घरी गेली.

दार लागलं तशी तफीदा पिठावर वाकली. रोजा, त्यामुळे चव घेता येत नाही. तिने वास घेतला. "बघितलंस? मुद्द्याचं घातलंच नाही."

"अहो, तुमच्यासमोर तर केलं!"

"समोर केलं म्हणूनच नाही घातलं! तिचे पिवळे दिसतात, म्हणजे अंडं असणार. आणि फुगतात, म्हणजे सोडा."

"जाऊबाई, रेहाबचा प्रश्न आहे. हात नका लावू."

"रेहाबचा आहे म्हणूनच लावते. तू गप."

दोन अंडी गेली, सोडा गेला. ते मिसळावं म्हणून तिने बाह्या सरसावल्या आणि ते पीठ कणीक तिंबावी तसं तिंबलं. मी तोंडावर बोट ठेवून बसले, दुसरं काय करणार?

इन्साफ परत आली आणि तिने पिठात हात घातला. तिचा हात तिथेच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे पाहिलं.  सारण भरून तिने गोळे वळले, आणि चिमट्याने नक्षी तफीदाने काढली, कारण ती मुलीच्या आईनेच काढायची. तफीदाची नक्षी सरळ रेघांची, इन्साफची माशाच्या काट्यासारखी. गल्लीत प्रत्येकीची नक्षी ओळखू येते.

"चेहरा पडला तिचा," तफीदा मला कोपऱ्यात म्हणाली. "चोरी पकडली गेली ना."

संध्याकाळी उस्ता बयूमीच्या भट्टीवर ही गर्दी. कहक मांडलेल्या प्रत्येक पत्र्यावर नावाची चिठ्ठी. इन्साफचेही पत्रे तिथेच होते. तफीदा भट्टीसमोर पोत्यावर मांजरासारखी बसून राहिली. पण रोजा सुटायची वेळ जवळ आली, धक्काबुक्की झाली, आणि इन्साफच तिचे पत्रे घेऊन आली. "हे घे तुझे. जा लवकर."

तफीदाने चिठ्ठी वाचली. नाव तिचंच. मग कहककडे पाहिलं. माशाचे काटे.

"चोर!" ती असं ओरडली की बयूमीच्या हातातला पत्रा पडता पडता राहिला. "माझे घेतलेस! मी पीठ सुधारलं ते कळलं तुला हाताला, म्हणून चिठ्ठ्या बदलल्यास! माझ्या लेकीच्या तोंडचे पळवलेस!"

 जमलेल्या काही बायकांच्या डोळ्यांत मला दिसलं, इन्साफ पकडली गेली याचं त्यांना मनातून बरं वाटत होतं. इन्साफ लाल झाली.

उस्ता बयूमी कंटाळून म्हणाला, "हातच्या कांकणाला आरसा कशाला, ताई? रोजा आहे म्हणून खाऊ नका. मोडायला कोण अडवतंय?"

तफीदाने इन्साफच्या नावाच्या पत्र्यावरून सरळ रेघांचा एक उचलला, स्वतःचा. दोन बोटांत धरला आणि दाबला. मोडेना. अंगठा लावला तेव्हा कट् झालं, आणि ते भट्टीच्या दारापर्यंत ऐकू गेलं. मग माशाच्या काट्याचा उचलला. तो बोटांतच भुरभुरला. आवाज आलाच नाही.

"रेहाबला तिथे राहायचंय," इन्साफ म्हणाली. "तुझे मी चहात बुडवून खाईन. माझ्याकडे कोण मोडून बघणारे?"

 तफीदा माशाच्या काट्यांचे पत्रे उचलून घरी आली, साखर भुरभुरवली, डबे सासरी गेले. आभार मानणं तिच्या रक्तातच नाही, आणि मला तिचा तेव्हा भयंकर राग आला होता.

ईदच्या दुसऱ्या दिवशी हाज्जा कौसरचा फोन आला. आवाज आला नव्हता. कृती हवी होती. तफीदाने सगळं सांगितलं. चर्र, तळवे, मळू नका, नुसतं गोळा करा. एक अक्षर गाळलं नाही, मी शेजारीच होते. संध्याकाळी रेहाब आली, खुशीत होती. हसत म्हणाली, "अम्मी, माझी मान ताठ केलीस गं. पण सासूबाई म्हणतात, तुझी आई पक्की आहे, मुद्द्याचं काहीतरी लपवलंय."

तफीदाचा चेहरा असा झाला की रेहाबचं हसू थांबलं. "मी सगळं सांगितलं," ती म्हणाली. "करीमा, सांग हिला. सगळं सांगितलं ना मी?"

मग ती उठली, डोक्याला रुमाल बांधला आणि समोर गेली. मीही मागे गेले, खोटं कशाला बोलू. इन्साफ चहा पीत बसली होती, बशीत सरळ रेघांचा कहक भिजत होता. तफीदा दारातच उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलंही नाही.

"इन्साफ," ती म्हणाली, "इतकी वर्षं तुला असंच वाटायचं का गं?"

इन्साफने बशी सरकवली. "बस. हा अजून भिजायचाय."