वहाणांजवळची जागा

आमचं चर्च म्हणजे मातीच्या भिंतींची एक खोली होती, वर टिन. डोणगावपासून दोन कोस आत, महारवाड्याच्या शेवटी. उन्हाळ्यात टिन इतकं तापायचं की लेकरं रडायची, आणि पावसाळ्यात टिनावर पाणी वाजू लागलं की माझ्या यजमानांचा उपदेश कोणाला ऐकू जायचा नाही. ते तरी बोलत राहायचे. ते त्या मंडळीचे पाळक होते. पोरांना अक्षरंही शिकवत, म्हणून गाव त्यांना मास्तर म्हणे.

मी मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. पाळकाची बायको व्हायला तेवढं पुरेल असं लग्न ठरवणाऱ्यांना वाटलं. मला पोळी करता येत होती, पुस्तक वाचता येत होतं आणि तोंड बंद ठेवता येत नव्हतं. ही तिसरी गोष्ट त्यांनी विचारली नाही.

मंडळी अकरा घरांची होती. सगळी माणसं दुसऱ्यांच्या वावरात राबणारी. कापसाच्या दिवसांत रविवारीही वेचायला जावं लागे, म्हणून उपासना दुपार कलल्यावर. शनिवारी यजमान घरोघर फिरायचे. कोणाच्या बैलाचा पाय, कोणाच्या सासूचा खोकला, सगळं विचारायचे आणि उठताना म्हणायचे, "उद्या या हं. तुमच्याशिवाय बरं नाही वाटत." हे ते अकराही घरी म्हणायचे आणि अकराही घरी ते खरं असायचं. मी तशी नव्हते. मला काही लोकांशिवाय चांगलं बरं वाटायचं.

मंडळीत एक विधवा बाई होती. तिचं नाव लिहीत नाही, गाणारी म्हणते. आमच्याकडे पेटी नव्हती, तबला नव्हता. यजमानांचा गळा फुटक्या मडक्यासारखा. ते पुस्तकातले शब्द वाचून दाखवायचे आणि ती त्यांना जात्यावरच्या ओव्यांची चाल लावायची. तिला वाचता येत नव्हतं. एकदा ऐकलं की शब्द तिचे व्हायचे. ती सुरुवात करायची, मग बाकीचे. खरं सांगायचं तर माणसं तिच्या गाण्यासाठी यायची आणि आलीच आहेत तर उपदेश ऐकायची. यजमानांना हे ठाऊक होतं. ते हसून म्हणायचे, "मी नांगर धरतो, पाऊस ती पाडते."

मग त्या साली देवी आल्या.

हिवाळ्यात नागपूरच्या सरकारचा देवीची लस टोचणारा येऊन गेला होता. माझी मुलगी तीन वर्षांची. तिला तेव्हा ताप होता, म्हणून मी म्हटलं, पुढच्या खेपेला टोचू. गाणारीचा एकुलता एक पोरगा चार वर्षांचा. हात सुजतो म्हणून तिने त्याला कडब्याच्या गंजीत लपवून ठेवलं. दोघीही चुकलो. चैत्रात दोन्ही घरी एकाच आठवड्यात देवी निघाल्या.

गावाच्या भाषेत घरात माय आली. मग दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधायचे, फोडणी द्यायची नाही, डोकं विंचरायचं नाही. लेकरू उठलं की मातामायच्या ओट्यावर दहीभाताचा द्रोण ठेवायचा, म्हणजे माय थंड होते. आमच्या मंडळीचा नियम याच्याविरुद्ध होता. जो कोणी द्रोण ठेवील त्याला सहा महिने प्रभुभोजन बंद. त्याने दाराशी, पुरुषांच्या वहाणा काढलेल्या असत तिथे बसायचं, आणि भाकर वाटायच्या वेळी उठून बाहेर जायचं. सहा महिने झाले की पाळक सगळ्यांसमोर विचारणार, पाप झालं का? हो म्हटलं की पाळक हात धरून आत आणणार.

मेहकरच्या डॉक्टरने सांगितलं, याला औषध नाही, सावलीत ठेवा, पाणी पाजा. यजमान गुडघ्यांवर बसून राहिले. पोरगी अंग खाजवून रक्त काढत होती. लिंब आमच्या अंगणातच होता. त्याचा पाला अंगाखाली घातला तर आग कमी होते हे मला आईकडून ठाऊक होतं. त्यात देव नाही, धर्म नाही, नुसता पाला. तरी मी तोडला नाही. पाळकाच्या घरात लिंब दिसला तर लोक काय म्हणतील, एवढाच विचार केला. नवव्या दिवशी ती गेली.

गाणारीचा पोरगा वाचला.

मुलीला मातीत ठेवून पंधरा दिवस झाले असतील. सकाळी पाण्याला निघाले होते. मातामायच्या ओट्याजवळच्या लिंबाआड कोणी वाकलेलं दिसलं, म्हणून थांबले. ती होती. तिने ओट्यावर दहीभाताचे द्रोण ठेवले. एक नाही, दोन. हात जोडले आणि गेली. मी रिकामी घागर घेऊन तिथेच उभी राहिले. मला धर्माचं काही वाटलं नाही. वाटलं एवढंच, की हिचा आहे आणि माझी नाही.

त्याच आठवड्यात मंडळीचे दोन पंच आमच्या घरी बसले होते. मी पाणी द्यायला गेले आणि तांब्या खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं.

"पाह्यलं तुम्ही, पाळकीनबाई? सोताच्या डोयानं?" थोरल्या पंचाने विचारलं.

"पाहिलं. दोन द्रोण होते."

"दोन!" तो म्हणाला. "एकानं भागलं नाही बाईचं."

यजमान खाली बघत होते. पंच गेल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. मला वाटलं शाबासकी देतील किंवा रागावतील. ते म्हणाले, "तिच्या दाराचा लिंब मी बी पाह्यला होता. ती द्रोण ठेवणार हे बी ठाऊक होतं." आणि उठून बाहेर गेले. ते गप्प बसणार होते. मी पंचांसमोर बोलले म्हणून त्यांना गप्प बसता आलं नाही. पुढे कधी त्यांनी हा विषय काढला नाही, मीही नाही.

ती वहाणांजवळ बसली. पोराला मांडीवर घेऊन, भिंतीला पाठ न टेकता. गाणं तिथूनच सुरू करायची. सगळ्यांची तोंडं पुढे आणि गाणं मागून यायचं. भाकर निघाली की उठून बाहेर जाऊन उभी राहायची. ती भाकर म्हणजे मी केलेली बिनमिठाची पोळी, आणि प्याला म्हणजे मनुका भिजवलेलं पाणी. पोळीचे तुकडे करताना तिचा एक तुकडा कमी करायचं मला कधी जड गेलं नाही. हेही लिहून ठेवते.

सहा महिने पुरे झाले त्या रविवारी खोली भरली होती. यजमानांनी तिला उभं केलं. विचारायचं सोडून ते विनवू लागले.

"बाई, एवढंच म्हण, चुकलं. बाकी माझ्यावर सोड."

"मास्तर, तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेली नाही," ती म्हणाली. "पन माहा पोरगा चालून राह्यला, खेळून राह्यला. देवबापानं वाचवला का मायनं, मले काय ठाऊक? दोघाईनं मिळून वाचवला असन. त्या दहीभाताले पाप म्हनायले माही जीभ नाही वळत."

थोरला पंच म्हणाला, "जीभ वळत नाही त गानं कसं वळते व?"

"गानं तुह्या बापाचं नाही," ती म्हणाली.

कोणी तरी हसलं. यजमान दोन पावलं पुढे गेले, हात अर्धा उचललेला. हो म्हटल्याशिवाय हात धरता येत नव्हता. तिने पोराला कडेवर घेतलं आणि बाहेर पडली. तिचे दोन दीर उठले, भाऊ उठला, त्यांच्या बायका उठल्या. पुढच्या महिन्यात आणखी काही जण यायचे थांबले. अकरा घरांची तीन राहिली, त्यात थोरल्या पंचाचं एक.

त्यानंतर यजमानांची शनिवारची फेरी सुटली नाही, उलट लांबली. गेलेल्या घरांतही ते जात. रविवारी उपासना आटोपली की गाणारीच्या दारासमोर दगडावर बसत. ती पाणी द्यायची. ते पोराला अक्षरं गिरवायला लावत. उठताना म्हणत, "पुढच्या रविवारी ये हं." ती "पाहू" म्हणायची. चार वर्षं हे चाललं. तीन घरांना ते सांगत, "थोडी माणसं असली म्हणून देव थोडा येत नाही." त्यांना धीर द्यायचे आणि घरी येऊन न जेवता निजायचे. गाणं मोडलं होतं. शब्द पुस्तकात होते, चाली तिच्याबरोबर गेल्या. आम्ही ओढून ताणून म्हणायचो, आणि मधेच सगळे एकमेकांकडे बघत थांबायचे.

पाचव्या पावसाळ्यात त्यांना छातीचा ताप आला. आठ दिवसांत संपलं. शेवटी शेवटी एकदा म्हणाले, "तिला आणा." मला वाटलं मुलीबद्दल बोलताहेत. मग म्हणाले, "गाण्याशिवाय नको." गाण्याशिवायच झालं. ती मातीला आली होती, कुंपणाच्या बाहेर उभी होती. गायली नाही. तिला कोणी गा म्हटलंही नाही.

मिशनचे साहेब म्हणाले, नवा पाळक धाडू, तोवर तुम्ही चालवा. तो तोवर अडीच वर्षांचा निघाला. उपदेश मला येत नव्हता. मी पुस्तकातलं वाचायची आणि बसायची. शनिवारी फिरायचीही, पण गोड बोलणं जमत नव्हतं. "उद्या या, नाहीतर मी एकटीच बसेन," असं सांगायची. येत बिचारे.

एका शनिवारी गाणारीच्या दारी गेले. ती ज्वारी पाखडत होती.

"या, पाळकीनबाई. उंबऱ्यातच बसा, आत भुसा झाला."

मी म्हटलं, "तू ये. गाणं बंद पडलंय."

"मास्तर इथं बसून बसून गेले, त्यायच्यासाठी नाही आली. तुमच्यासाठी काऊन येऊ?"

"पंचांना मी सांगितलं होतं," मी म्हटलं.

तिने सूप थांबवलं नाही. "ठाऊक हाय. लिंबाच्या आडून तुमचं लुगडं दिसे. पांढरं लुगडं गावात एकाच बाईचं. मले वाटलं, याल, दोन शिव्या द्याल, रडाल. पोरगी गेली होती तुमची."

मी उंबऱ्यावरचा भुसा बोटाने गोळा करत राहिले.

"दोन द्रोण हे बी सांगतलं तुमी," ती म्हणाली. "दोन काऊन, हे त इचारा लागत होतं. दुसरा तुमच्या पोरीचा व्हता. जीव गेला तरी अंगाची आग राह्यते म्हनतात. तुमी त ठेवनार नव्हत्या. म्हटलं, आपन ठेवाव."

सुपातून फोल उडत होतं. मी उठले. ती म्हणाली, "पानी?" मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उपासनेत मी तीन घरांना सगळं सांगितलं. लिंब, पाला, घागर, माझ्या मनात काय होतं ते, आणि दुसरा द्रोण. थोरला पंच अस्वस्थ झाला. "आता काय त्याचं, बाई. झालं ते झालं." मी पुस्तक उचललं, मागे जाऊन वहाणांजवळ बसले आणि तिथूनच वाचायला लागले.

"तिथून आयकू येत नाही," तो म्हणाला.

"मग माना वळवा."

सहा महिने झाले, पण मी उठले नाही. हात धरून आत आणायचं काम पाळकाचं, आणि पाळक नव्हता. मंडळी पुढे तोंड करून बसायची आणि मी मागून चालवायची. त्या काळात दोन घरं परत आली, एक कायमचं गेलं. एकदा आम्ही गाणं म्हणत होतो, नेहमीसारखं वाकडं. गाणारी सरपणाचा भारा घेऊन दारावरून जात होती. मी दाराशीच, म्हणून मला स्पष्ट ऐकू आलं. "दुसरी ओळ खाली घ्या व," ती म्हणाली आणि न थांबता गेली. आम्ही दुसरी ओळ खाली घेतली. बरोबर बसली.

नवा पाळक आला तो तरुण, शिकलेला. त्याने मला सगळ्यांसमोर विचारलं, मी हो म्हटलं, त्याने हात धरून मला आत आणलं आणि मीच केलेल्या पोळीचा तुकडा मला दिला. मग त्याने मंडळीची वही काढली आणि न येणाऱ्यांची नावं खोडायला बसला. मी म्हटलं, गाणारीचं राहू द्या. तो म्हणाला, "ती येणार आहे का?" मी म्हटलं, नाही. त्याने नियमाप्रमाणे रेघ मारली. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. नियम आमचाच होता.

पुढच्या रविवारी मी पुन्हा वहाणांजवळ जाऊन बसले. नव्या पाळकाने दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं. बाईंना दाराशी हवा लागते, असं तो लोकांना सांगायचा.

गाणारी पुढे पोराबरोबर सुलतानपूरकडे कामाला गेली. शेवटची भेट मेहकरच्या बाजारात झाली. पोरगा तिच्यापेक्षा हातभर उंच झाला होता, तोंडावर व्रण, पाठीवर पोतं. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आजून बसता काय तिथं?"

"बसते."

"गानं?"

"तू सांगितलेली एक ओळ येते. बाकी तसंच."

पोरगा म्हणाला, "चाल न व माय." तिने डोक्यावरचं गाठोडं सारखं केलं.

"बसा मंग," ती म्हणाली, आणि दोघं गर्दीतून पुढे गेली.