सासऱ्यांनी रिव्हॉल्व्हर काढलं ती दुपार

आमच्या खालच्या मजल्यावर भरदुपारी घरफोडी झाली आणि आठ दिवसांत माझ्या नवऱ्याने पिस्तूल घ्यायचं ठरवलं. नुसता आवाज आणि गॅस सोडणारं, पण दिसायला अस्सल. ते बाहेर बाळगायला क्लायनर वाफेनशाइन, म्हणजे छोटा शस्त्रपरवाना लागतो. जर्मनीत वोल्फ्सबुर्गमध्ये गाड्यांचे ब्रेक तपासणारा हा माणूस, फ्लॅट भाड्याने घेताना अडीच महिने कागदांत चाचपडला होता. हा फॉर्म मात्र तासाभरात भरून तयार. मी भडकले. घरात आठ वर्षांची मुलगी. तिच्या वाढदिवसाची भेट मी कुठेही लपवली तरी दोन दिवसांत तिला सापडते. पिस्तूल सापडायला कितीसा वेळ लागणार होता?

त्यात नाशिकहून सासूबाईंसोबत आलेले सासरे मुलाच्या बाजूने. त्यांच्याकडे तीस वर्षं परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. शनिवारी कॉफी पिताना मी सरळच विचारलं, "बाबा, तीस वर्षांत ते कितीदा कामी आलं?"

"एकदाच. पण आलं की नाही!" म्हणत त्यांनी आपली कथा सुरू केली. ती मला लग्नापासून पाठ आहे. दुपारी बंगल्यात दोन चोर शिरतात, बाबा रिव्हॉल्व्हर रोखतात, चोर कुंपणावरून पसार. दर खेपेला चोर थोडे आडदांड होतात, एवढाच फरक.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" नवरा म्हणाला. "एकदा पुरतं."

आता ती वस्तू घरात येणारच, या विचाराने मला रडू यायला लागलं.

तेव्हा सासूबाईंनी कप खाली ठेवला. "अहो, रिव्हॉल्व्हर होतं कुठे घरात? निवडणूक होती म्हणून पोलीस ठाण्यात जमा केलेलं. पावती माझ्या पर्समध्ये होती. तुम्ही बनियनवर, हातात धुण्याची बादली घेऊन धावलात आणि असे ओरडलात की अख्खी गल्ली गोळा झाली. इतकी वर्षं चारचौघांत मी बोलले नाही. पण माझी नात राहते त्या घरात ते नको."

म्हणजे तीस वर्षांत एकदाही नाही! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बाबांचा चेहरा मात्र इतका उतरला की मला वाईट वाटलं.

आणि मुलगी सोफ्यावरून उठली. ही कथा चालू असताना तिने आजवर टॅबलेटमधून मान वर केली नव्हती.

"एश्ट, आजोबा? ओने पिस्टोले?" खरंच, पिस्तुलाशिवाय?

बाबांनी मान हलवली. ती त्यांच्या शेजारी खेटून बसली. "नोख माल!" पुन्हा सांगा.

बाबा ताठ झाले. टेबलावरचा फॉर्म उचलून त्यांनी त्याचे चार तुकडे केले, मुलाकडे बघितलंसुद्धा नाही.

"तर दोन चोर होते," ते नातीला म्हणाले, "आणि माझ्या हातात फक्त बादली."