सीमेवरची राई

अमिरातीतल्या अल ऐनमध्ये आठ वर्षं काढूनही माझ्या स्वतःच्या पासपोर्टात माझ्याबद्दल काय लिहिलंय, हे मला ठाऊक नव्हतं.

कसं असणार? व्हिसाचा शिक्का अरबीत. मालकाने दिला, मी घेतला, खलास! पशुखाद्याच्या कंपनीत मी गोदामाचा मॅनेजर. (म्हणजे मी, दोन हमाल आणि छपरापर्यंत पोती.) कार्डावर मात्र 'मॅनेजर' असं ठसठशीत छापलेलं, आणि ते कार्ड सासरच्या झाडून सगळ्यांना वाटलेलं! मालक एकदा म्हणाला होता, "हबीबी, तुझ्या व्हिसावर फॅमिली नाही येणार." मग माझी बायको मीनल शाळेत शिकवायला लागली, स्वतःच्या व्हिसावर राहिली, आमच्या लेकीला, सईलाही तिनेच आणलं. 'का नाही येणार' हे विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

अशात मस्कतहून वर्षाचा फोन आला. वर्षा म्हणजे मीनलची धाकटी बहीण. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस गेले होते आणि गुरुवारी संध्याकाळी डोहाळजेवण. दोघींची आई केव्हाच गेलेली, त्यामुळे ओटी भरायची ती मीनलनेच. "ताई, तू आली नाहीस तर मी पाटावर बसणारच नाही," म्हणून ती तिकडे रडायला लागली, ही इकडे.

"रडता काय?" मी छाती काढून म्हटलं. "मॅनेजरला ओमानचा व्हिसा सीमेवर उभ्या उभ्या मिळतो!"

ते खोटं नव्हतं. व्हिसावरचा हुद्दा बरा असला, डॉक्टर, इंजिनियर, शिक्षक वगैरे, की शिक्का मारून सोडायचे.

गुरुवारी पहाटे निघालो. गाडी अर्थातच मी चालवत होतो. मीनलला सातव्या खेपेला लायसन्स मिळून दोनच महिने झालेले, आणि भाजी मार्केटच्या पुढे मी तिच्या हाती गाडी देत नसे. अल ऐनला खेटून असलेलं बुरैमी मागे पडलं आणि डोंगर सुरू झाले. काय ते डोंगर! काळे, तांबडे, अंगावर गवताची काडी नाही. त्या डोंगरांच्या पायाशी एवढीशी ओमानी चौकी.

आतला साहेब कडक इस्त्रीचा. त्याने माझा पासपोर्ट उघडला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्टात पाहिलं.

"राई?"

आखातात खसखस आणली की तुरुंग, हे आम्ही इतकं घोकलं होतं, की आमच्या घरी अनारसेसुद्धा तिळावर थापायचे. आणि गाडीत वर्षासाठी कैरीच्या लोणच्याची बरणी! याला त्यातल्या राईचा, म्हणजे मोहरीचा, वास आला वाटतं! मी धावत जाऊन बरणी आणली, झाकण उघडलं आणि त्याच्या रजिस्टरवर ठेवली.

"येस सर, राई! ओन्ली राई! नो खसखस!"

"तुम... राई?"

"हां हां, राई! एकदम फर्स्ट क्लास!"

"कब से?"

"आठ दिन से! अभी मुरा नहीं!"

साहेब थक्क. रजिस्टरवर तेलाचा ओघळ. तेवढ्यात दहा वर्षांच्या सईने टाचा उंचावून पासपोर्टात डोकावलं. शाळेत अरबी सक्तीची होती.

"बाबा, इट सेज रा'ई. दॅट मीन्स शेफर्ड." मग डोळे मोठ्ठे करून, "बाबा, यू आर अ शेफर्ड? सो कूल!"

"मेंढपाळ?" मीनल म्हणाली. "अहो, तुम्ही?"

मालकाचं शेत होतं, शेतावर मेंढ्या होत्या, आणि मेंढ्यांच्या नावचा एक व्हिसा शिल्लक होता. तो माझ्या गळ्यात! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

साहेबाने बरणीचं झाकण अदबीने लावलं. "राई अकेला नहीं जा सकता. कफील, मालिक, साथ में मंगता. मॅडम टीचर. मॅडम वेलकम, बच्ची वेलकम."

मीनलने घड्याळ पाहिलं. मला वाटलं, आता रडणार.

"किल्ली द्या."

"अगं, घाट आहे! चार-पाच तासांचा रस्ता! तू भाजी मार्केटच्या पुढे कधी..."

"वर्षा पाटावर बसायची थांबलीय. किल्ली द्या."

दिली. तिने सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, पदर खोचला आणि सईला घेऊन गेली. एकदाही गाडी बंद पडली नाही! त्या अक्राळविक्राळ डोंगरांत ती पांढरी गाडी ठिपक्याएवढी होईपर्यंत मी बघत राहिलो. काळजीने जीव खालीवर होत होता, आणि खरं सांगतो, छाती अभिमानाने भरून आली होती. असली बाई माझ्या घरात इतकी वर्षं राहते आणि मी तिला कोथिंबीर आणायला पाठवतो!

साहेबही बघत होता. "माशाल्ला!" म्हणाला. मग माझा दंड धरला. "यल्ला, तुम आओ. थोडा काम है."

दुपारी एका पिकअपवाल्याने मला अल ऐनला सोडलं. मग फोनशेजारी बसून राहिलो. संध्याकाळी फोन वाजला.

"पोचले हो सुखरूप. ओटी भरली. वर्षा रडली, मी रडले, सईने सगळे अनारसे संपवले."

मलाही भरून आलं. "माझी चौकशी केली का कुणी?"

"सगळ्यांनीच. 'मॅनेजरसाहेब कुठे,' म्हणून."

"मग? काय सांगितलंस?"

"सांगितलं, बॉर्डरवरच्या मोठ्या साहेबांचं यांच्यावाचून अडलं होतं, सोडायलाच तयार नव्हते."

बिचारीला वाटलं, नवऱ्याची अब्रू राखायला आपण जन्मात पहिल्यांदा थाप मारली. पण ते अक्षर न् अक्षर खरं होतं. ती घाट चढत होती, तेव्हा मी चौकीमागे औषध पाजायला साहेबांच्या आजारी शेळीचा जबडा दोन्ही हातांनी उघडून धरला होता, आणि 'ऐसा राई हमने नहीं देखा' असं साहेब म्हणत असताना शेळी माझा अंगठा चावत होती!