ऐनाचा शेंडा

हे मी सगुणाला कधी सांगितलं नाही. आता सांगावं म्हटलं तर ती नाही. तेव्हा तुम्हाला सांगतो. तुम्ही माझे कोणी नाही, म्हणूनच जमेल.

चौथी शिकलेला माणूस मी. लिहिताना वेळ लागतो. पण वेळच आहे आता.

शेकरू पाहिलंय का तुम्ही? चित्रात नव्हे — रानात. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला आमचे डोंगर, तिथलं हे जनावर. खार म्हणतात तिला, पण मांजराएवढी. पाठ तांबडी, पोट पिवळसर, शेपूट अंगाहून लांब. जमिनीला पाय लावत नाही. या झाडावरून त्या झाडावर, फांदीला फांदी लागलेली असेल तिथून जाते. फांदी तुटली की तिची वाट तुटली. हे आमच्या इथं पोरासोरांनाही ठाऊक असतं. मलाही होतं. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

मी नागापूरला कारखान्यात होतो. बावीस वर्षं. घरी यायचो वर्षातून दोनदा — माघात कवळ तोडायला आणि पावसात भात लावायला. कवळ म्हणजे झाडाचा डहाळा. तो तोडून, वाळवून, भाताच्या रोपाच्या जागेवर पसरायचा आणि वैशाखात पेटवायचा. त्याला राब म्हणतात. राबाशिवाय आमच्याकडे रोप जोमात येत नाही. पण कवळ तोडायची रीत आहे. अंगच्या फांद्या घ्यायच्या, शेंडा राखायचा. झाडाच्या डोक्याला कोयता लावायचा नाही. माझ्या बापानं राखला, त्याच्या बापानं राखला.

सगुणा, माझी बायको, घरी एकटी राहायची. पोटी काही नव्हतं आमच्या. दाराशी आंबा, त्यावर एका शेकरीचं घरटं. डाव्या कानाला खाच होती तिच्या. सगुणा तिला तांबडी म्हणायची. तांबडी सकाळी आंब्यावरून बांधावरच्या ऐनाच्या झाडावर जायची, ऐनावरून रानात, आणि ऊन चढायच्या आत परत. सगुणा चुलीपुढून उठून बघायची. मी घरी असलो तरी आधी तिच्याकडे बघायची.

हसू येतंय ना? मलाही आलं असतं, दुसऱ्याचं असतं तर.

त्या माघात मी आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी भाकरी करपली. बाई आंब्याखाली उभी, मान वर. मी बोललो, "नवरा आलाय घरी, त्याला जळकं खाऊ घाल! त्या जनावराशीच लगीन लावायचं हुतं."

ती सहसा उलटून बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "तुमी वरसातनं दोनदा येता. ती रोज येती." आणि मी कोयता घेऊन निघालो तर मागून म्हणाली, "अवो, ऐनाचा शेंडा राखा. तिची वाट हाय ती."

तिनं सांगितलं नसतं तर मी राखलाच असता. रीतच होती. पण तिनं सांगितलं — आणि मी चढलो, आणि फांद्यांनंतर शेंडाही उतरवला. सगळा. झाड खांबासारखं उभं राहिलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? लई बरं वाटलं.

सगुणा झऱ्यावर पाण्याला गेली होती. तांबडी रानाच्या कडेला आली. थांबली. पुढं फांदी नाही. ती ओरडायला लागली, ते टक-टक-टक. मी खाली बसून तंबाखू मळत होतो. ती इकडून बघे, तिकडून बघे. मग खाली उतरली.

जमिनीवर न उतरणारं जनावर कशासाठी उतरतं? मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल.

आमच्या मोत्यानं तिला बांधावरच धरली. मी ओरडलो, धावलो. कुत्र्याला उशीर कुठला? हातात घेतली तेव्हा गरम होती. शेपटीचं वजन तेवढं जाणवलं.

सगुणा यायच्या आत मी तांबडीला राबाच्या जागेत पुरली. वर शेण पसरलं, त्याच ऐनाचं कवळ टाकलं. हात धुतले. सगुणा हंडा घेऊन आली आणि तिनं आधी ऐनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हंडा उतरवून चुलीपुढं गेली.

संध्याकाळी आंब्यावर बारीक आवाज सुरू झाला. दुसऱ्या दिवशीही. ती म्हणाली, "पिल्लू वरडतंय का वो?"

"पाखरू हाय," मी म्हणालो.

जन्मभर झाडांवर चढलेला माणूस मी. त्या आंब्यावर चढलो नाही. का? चढलो असतो तर पिल्लू हातात आलं असतं, आणि मग आई कुठं गेली ते सांगावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. त्या दिवशी मी तिला सांगितलं की तांबडीनं पिल्लू दातात धरून देवराईत नेलं, मी डोळ्यांनी पाहिलं. सगुणाचा चेहरा असा उजळला! म्हणाली, "बरं झालं. देवाच्या झाडाला कोण हात लावतंय?"

वैशाखात राब तिनंच पेटवला. मी नागापूरला होतो. त्या वर्षी रोप चांगलं आलं.

पुढं मी काम सोडून घरी आलो. तिचे गुडघे गेले होते, चढण जमायची नाही. देवराई अर्ध्या तासाची चढण. मी आठवड्याला जायचो, परत आलो की ती विचारायची, "दिसली का?" मी म्हणायचो, दिसली. सुरुवातीला निदान दुसरी शेकरं तरी असायची, तेवढा खोट्याला आधार. मग ती कमी झाली. आधी सकाळभर आवाज यायचा, मग एखादा, मग नाहीच. उतारावर झाडं विरळ झाली, रस्ता झाला, खाली पाहुण्यांचे तंबू आले. देवराई बेटासारखी एकटी पडली. शेंडा कापणारा मी एकटाच होतो का? नाही. पण दुसऱ्यांचं त्यांनी सांगावं.

एकदा वनखात्याचा गार्ड शेकरांची घरटी मोजायला आला. ओल्या पानांचं घरटं म्हणजे राहतं, सुक्या पानांचं म्हणजे सोडलेलं. मी त्याला सगळी राई हिंडवली. सगळी सुकी. दमून ओट्यावर चहाला बसलो तर सगुणा विचारते, "दादा, आमची तांबडी धरली का मोजणीत? कानाला खाच हाय तिच्या."

गार्डनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"धरली की, मावशी," तो म्हणाला. "एक नंबरलाच धरली."

"मग तिला मानाचा कागद-बिगद देता का न्हाई? नुसतंच मोजता?"

तो हसला. मी पण हसलो. त्याला वाटेला लावायला गेलो तेव्हा म्हणाला, "बाबा, किती दिवस असं?" मी त्याला म्हणालो, तू तुझं काम कर.

हे सगळं सांगितलं, पण सांगायचं होतं ते हे नव्हे. इथपर्यंत कुणीही सांगेल.

मागच्या पावसाळ्यानंतर सगुणा अंथरुणाला लागली. खाणं सुटलं. एका सकाळी ऊन छान होतं, ती म्हणाली, "अवो, मला एकदा पाठीवर घ्या. वर न्या. तांबडी न्हाई तर तिची लेक तरी बघते. मग कायबी मागणार न्हाई."

कधी काही मागितलं होतं तिनं? एक शेंडा. आणि आता हे.

वर काय दाखवणार होतो मी? मोकळ्या फांद्या? सांगायची वेळ होती. तिचा स्वभावच तसा, रागावली नसती — रागावली असती तरी काय? मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "माझ्यानं न्हाई व्हायचं. जड झालीस तू."

तिनं स्वतःच्या हाताकडे बघितलं. मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. हळूच म्हणाली, "जड झाले व्हय?" मग म्हणाली, "बरं. राहू द्या."

पुन्हा तिनं विचारलं नाही — वर न्यायचंही नाही, आणि दिसली का, हेही नाही. कूस बदलायची असली तरी मला हाक मारायची नाही. त्या सकाळपासून बाराव्या दिवशी गेली.

दहाव्याला भावकी म्हणाली, म्हाताऱ्यानं लई केलं तिचं. मी ऐकून घेतलं.

बांधावरच्या ऐनाला केव्हाच नवा शेंडा आलाय. आंब्याला लागलाय. त्यावरून कोणी येत नाही.

कवळाचा एक भारा उचलायला दुसरा माणूस लागतो. असे भारे मी जन्मभर डोंगरावरून वाहिले, गेल्या माघातही वाहिले. सगुणाला त्या दिवशी मी उन्हात बसवायला उचललं होतं, एका हातानं.

ती जड नव्हती.