वारावारम्, वारंवार आणि तुळजात्या

फोन आला तेव्हा मी तिरुच्चीत, कॉलेजच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत होते. हॉस्टेलच्या वॉर्डनबाई स्वतः जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, "घरी जा, तुझ्या आत्याला बरं नाही." नुसतं बरं नाही हे सांगायला कुणी जिना चढून येत नाही, हे मला बसमध्ये बसल्यावर उमगलं. तंजावूर येईपर्यंत खिडकीबाहेर भाताची शेतं आणि कालवे जात होते आणि माझ्या मनात एकच विचार होता... गोळी. तिनं काही चुकीचं घेतलं का? जास्त घेतलं का? की मधेच सोडलं? घरी पोचले तेव्हा कळलं की दुपारी ब्लाउज शिवताना तिच्या छातीत कळ आली आणि रिक्षा गल्लीत येईपर्यंत सगळं संपलं होतं. लहानपणीच्या कुठल्याशा तापानं तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती, असं डॉक्टर म्हणाले. गोळीचा आणि याचा संबंध नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मी मान हलवली. पण मान हलवल्यानं भीती जातेच असं नाही.

तुळजात्या म्हणजे माझ्या अप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती राजवाड्यामागच्या गल्लीत, आमच्या घरी परत आली. पुढच्या खोलीत मशीन टाकून तिनं अर्ध्या गल्लीचे ब्लाउज शिवले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे टेलिव्हिजन बिघडला तरी मला विचारत आणि कुणाचं पोट दुखलं तरी मलाच. देवनागरी मी हिंदीच्या परीक्षांसाठी शिकले. घरात आम्ही जी मराठी बोलतो ती निम्मी तमिळ आहे. हे लिहिताना पुष्कळ ठिकाणी अडखळले. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

माझ्या पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात आत्याचं मशीन थांबलं. कापलेली कापडं तशीच पडून. ती भिंतीकडे तोंड करून निजायची, आणि हाक मारली की "हूं" म्हणायची, तेही कुठून तरी लांबून. गिऱ्हाइकं आली की आई "अक्कांना ताप आहे" सांगायची. अप्पांनी तिला देवळात नेऊन बसवलं, ताईत बांधला. गल्लीत एकीनं तो शब्द उच्चारलाच... पैत्यम्. तमिळमध्ये वेडाला हा शब्द आहे, आणि आमच्या गल्लीत तो एकदा चिकटला की घराच्या दारालाच चिकटतो. अप्पांना त्याचीच धास्ती होती. मला दुसरीच होती, आत्या जगेल की नाही याची. मी आत्याला धागे आणायच्या निमित्तानं बाहेर काढलं आणि मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नैराश्यावरची गोळी दिली, रोज सकाळी एक.

गोळीला आमच्या घरी मात्तिरै म्हणतात. या गोळ्या आत्यानं हुकांच्या डब्यात, हुकांच्या खाली लपवल्या. मी शनिवारी घरी यायचे, सोमवारी पहाटे परत जायचे. मधल्या दिवसांत ती घेते की नाही, कुणी पाहिलं की काय, या काळजीनं माझं वर्गात लक्ष नसायचं. एकदा अप्पांनी डबा हातात घेऊन हलवलाच.

"अक्का, हुकं एवढी कशी ग वाजतात?"

"तुझ्या डोक्यात वाजत असतील. ठेव खाली, माझी मोजलेली आहेत."

त्या दिवशी मला कळलं की ती बरी होते आहे. टोमणा परत आला होता. हळूहळू मशीनही परत आलं. फक्त सकाळी गोळीनंतर हात किंचित थरथरायचे. मग ती हुकं दुपारी लावायची आणि सकाळी सरळ शिवणी घ्यायची.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले की आता तब्येत स्थिर आहे, हेच औषध आठवड्यातून एकदाच घ्यायच्या कॅप्सूलमध्येही मिळू लागलंय, हवं तर बदलून बघू. त्या दिवसांत बाजारात रोज काही ना काही नवं येत होतं, तसंच हे. ते तमिळमध्ये बोलले. "वारावारम् ओण्णु पोदुम्." म्हणजे दर आठवड्याला एक पुरे. आत्यानं मान खाली घातली. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी विचारलं, "काय झालं ग?" तर डोळे भरलेले.

"ऐकलंस ना? डॉक्टरच म्हणाला. वारंवार घ्यायला पाहिजे. माझं वाढलंय, बाळा. आता लपवणार कसं?"

मला आधी कळेचना. मग कळलं. ओण्णु पोदुम् तिच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं. वारावारम् तिनं मराठी कानांनी ऐकलं होतं. जन्मभर तमिळ बोलणारी बाई, पण भीती वाटली की ती मराठीत ऐकायची. मी समजावलं तेव्हा ती आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग एवढ्या मोठ्यानं हसली की कंडक्टर वळून बघायला लागला. "अय्यो! मला वाटलं, आता जेवणासारखीच खायची, सांबारात घालून!"

पण हसून झालं तरी ठरवायचं होतंच. दोघी गच्चीवर बसलो. ती हुकं लावत होती, मी सुईत धागा ओवून देत होते. मला आठवड्याचीच गोळी हवी होती, हे कबूल करते. रविवारी मी घरी असते, माझ्या हातानं देईन, डबा वाजणार नाही, अप्पांना कळणार नाही. तिनं ऐकून घेतलं.

"आणि मधले दिवस? मी बघत बसायचं, आतलं संपलं का, संपलं का म्हणून?"

"संपत नाही, आत्या. हे औषध शरीरात फार दिवस राहतं. म्हणून तर आठवड्याला चालतं."

"ते तुझं रसायन माझ्या पोटाला कळेल ग. मला कळायला पाहिजे ना?" तिनं दातानं धागा तोडला. "रोजची एक चुकली तर?"

"एकीनं फारसं बिघडत नाही."

"आणि आठवड्याची विसरली तर आठवडाच गेला. तुझी परीक्षा आली, तू आली नाहीस, मग?"

काही लोकांना आठवड्याचीच बरी पडते, रोजची आठवण नको असते, असं डॉक्टर म्हणाले होते तेही मी सांगितलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला भीती तिच्या विसरण्याची कमी आणि अप्पांना कळण्याची जास्त होती. तिला ते दिसलं असावं. ती म्हणाली, "तू मला कमी गोळ्या देत नाहीयेस, कमी लपवायला देतेयस. मग लपवणंच सोडलं तर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायला जाण्याआधी, अप्पा कॉफी पीत होते. आत्यानं त्यांच्यासमोर पाटावर बसून गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायली.

"कसलं मात्तिरै ते?"

"डोक्याचं."

"डोकं दुखतंय?"

"नाही रे. चालतंय. तसंच चालत राहावं म्हणून."

अप्पा टंबलर ठेवून उठले. कितीतरी दिवस ते तिच्याशी गोळीबद्दल बोलले नाहीत, चांगलं नाही की वाईट नाही. पण कॉफीची वेळ त्यांनी बदलली नाही, आणि तिनंही. रोज सकाळी, त्यांच्यासमोर. ती शेवटपर्यंत रोजचीच गोळी घेत राहिली. डॉक्टरही म्हणाले, असंच चालू द्या.

म्हणून दिवसकार्याला आलेल्या नातेवाइकांसमोर अप्पा म्हणाले, "त्या मात्तिरैनंच गेली," तेव्हा मला फार लागलं. डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगू लागले, तर ते उठून गेले. मला वाटलं, आता या घरात कुणीही कितीही दुःखी झालं तरी ते पुन्हा भिंतीकडे तोंड करूनच निजणार.

गेल्या आठवड्यात सुट्टीत घरी आले. आई म्हणाली, "तुझे अप्पा जेवत नाहीत धड. दुकानही उघडत नाहीत." पुढच्या खोलीत मशीन झाकून ठेवलंय. अप्पा सकाळी कॉफी तिथंच नेतात, मशीनजवळच्या स्टुलावर बसतात आणि टंबलर गार होईपर्यंत हातात धरून ठेवतात. मी जवळ जाऊन नुसती बसले. ते मशीनकडे बघतच म्हणाले, "तो अक्काचा डॉक्टर... पुरुषांना बघतो का?"

"बघतात, अप्पा."

ते आत जाऊन शर्ट बदलून आले. आम्ही बाहेर पडलो तेव्हा चांगलं ऊन होतं आणि अर्धी गल्ली ओट्यावर बसलेली. शेजारच्या आजोबांनी नेहमीप्रमाणे हाक मारली, "एन्न, काय, बापलेक कुठं निघालात?" मी घाईनं म्हणणार होते, बाजारात. अप्पा थांबले. चप्पल नीट केली.

"डॉक्टरकडं," म्हणाले. आणि मग, "डोक्याच्या."