पश्चिमेची वाट
रानतुळशीचा वास आला की मेढ्याजवळच्या त्या प्रसिद्ध डोंगरावरची सकाळ आठवते आणि तळपायांना घाम फुटतो. इंटरनेटवरच्या विश्वकोशात डोंगराच्या पानावर मी स्वतःच्या नावानं लिहिलं होतं, ‘पश्चिमेची वाट धोक्याची आहे.’ कुणीतरी रोज ते पुसून ‘सोपी’ करायचं आणि मी पुन्हा ‘धोक्याची’ करायचो. आठवड्यानं त्या वाटेच्या पायथ्याला हॉटेल चालवणारा एक निवृत्त फौजी दारात उभा राहिला. “आवं मास्तर, माझं गिऱ्हाईक तोडताय तुमी. चला, दावतो वाट.” त्याच्या आवाजानंच मी घाबरलो आणि त्याच्यामागं निघालो. वर एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी आणि मधे हातभर वाट होती. अचानक त्याच्या पायाखालचा दगड निसटला आणि तो कमरेपर्यंत दरीत लोंबकळला. मी कडेच्या रानतुळशीवर पालथा पडून त्याचं मनगट धरलं. घामानं ते सुटत होतं. दगड तळाला आपटल्याचा आवाज फार उशिरा आला. “सोडू नगा, मास्तर,” तो लहान मुलासारखा म्हणाला. कसाबसा तो वर आल्यावर आम्ही दोघं कातळाला पाठ लावून बसलो. संध्याकाळी त्यानंच पानावर लिहिलं, ‘या वाटेनं जाऊ नये.’ अजूनही कुणी हातात हात दिला, तर मी तो नकळत फार घट्ट धरतो.