काचेवरचा न वाळणारा थेंब

माझ्या धंद्यात आधी भीती विकावी लागते, मग बाटली. कारखान्यात शिरायचं, चालू मशीनकडे बघत जिभेनं च्च करायचं आणि मालकाला हळूच विचारायचं, "हा बोल्ट शेवटचा कधी आवळला होता?" मालक मेकॅनिककडे बघतो, मेकॅनिक छताकडे. मालकाच्या पोटात गोळा आला की मी बॅग उघडतो. हा गोळा नेमका कसा असतो, हे मला मात्र एका सोमवारी सकाळी सव्वाअकराला कळलं.

मी विकतो ते नट-बोल्ट जागेवर धरून ठेवणारं औषध. छापील कागदावर त्याला अ‍ॅनारोबिक अ‍ॅडहेसिव्ह म्हणतात, सोलापुरात 'बोल्टचं औषध'. लूम दिवसभर थरथरत असतात आणि थरथरीनं नट ढिले होतात, म्हणून टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत ते खपतं. पाइपाच्या आट्यांतली गळती त्यानं थांबते, सैल बेअरिंग घट्ट बसतं. पण त्याची खरी गंमत स्वभावात आहे. इतर चिकटवण्या हवेत वाळतात, ही हवेत वाळतच नाही. बाटलीत असतं मेथाक्रिलेट. त्याचे सुटे रेणू एकमेकांचे हात धरून साखळी करायला टपलेले असतात, पण हवेतला ऑक्सिजन आगाऊ पाहुण्यासारखा मध्ये घुसतो आणि साखळी सुरू होऊ देत नाही. नट फिरवून बसवला, आट्यांमधली हवा तुटली आणि लोखंडाचा स्पर्श झाला, की साखळ्या धरतात आणि त्या पातळ औषधाचं कडक प्लॅस्टिक होतं. म्हणून तर बाटली अर्धीच भरलेली येते. वरची हवाच तिला ओली ठेवते. "अर्धी बाटली रिकामी देता की हो," असं मला आजवर प्रत्येक मालकानं ऐकवलंय, आणि मी प्रत्येकाला हे व्याख्यान दिलंय.

व्याख्यानाबरोबर प्रयोगही असतो. एक थेंब काचेच्या पट्टीवर आणि एक बोल्टच्या आट्यांवर. बोल्टवर नट चढवायचा. वीस मिनिटं गप्पा मारायच्या. मग नट हातानं हलत नाही आणि काचेवरचा थेंब जसाच्या तसा ओला. हे मी दिवसातून दोनदा करतो. म्हणजे हवेत हे वाळत नाही, हे वाक्य माझ्याइतक्या वेळा सोलापूर जिल्ह्यात कुणी बोललं नसेल.

त्या सोमवारच्या आधीचा रविवार. बायकोच्या स्कूटरच्या पुढच्या डिस्क ब्रेकचे पॅड झिजले होते. मेकॅनिककडे न्यायला ती सांगत होती. मी म्हटलं, हे माझं काम. जुळे सोलापूर या वस्तीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेजाऱ्यांना दिसेल अशा बेतानं, मी पसारा मांडला. पॅड बदलले. ब्रेकचे दोन बोल्ट परत लावताना विचार केला, बायको आणि पोरगी या गाडीवर बसणार, तेव्हा पान्यानं सुटणारं साधं निळं औषध नको, सगळ्यात ताकदीचं लाल लावू. माया उतू गेली की हात जड होतो. बाटली जरा जास्त दाबली गेली आणि तीन-चार थेंब ओघळून खालच्या चकतीवर, जिला पॅड धरतात तिच्यावरच, उतरले. मी गिऱ्हाइकानं दिलेल्या नमुन्याच्या टॉवेलनं ते पुसले, म्हणजे चकतीभर पसरवले. बोट लावलं तर निसरडं. आणि मी, हा व्याख्याता, स्वतःशी म्हणालो, उरलंसुरलं सकाळपर्यंत वाळून जाईल.

बायको गाडी शिकून वर्षही झालं नव्हतं. चाळिशीत शिकली. तीन महिने मागच्या मैदानात फेऱ्या मारल्या, दोनदा रडून किल्ली माझ्याकडे फेकली, पण शेवटी शिकली. आता ती रोज साडेअकराच्या शाळेला पोरीला सोडून तशीच ऑफिसला जायची. वाटेत रेल्वेचा पूल लागतो. चढ बरा आहे. उतार सरळ चौकात येतो.

सोमवारी मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात होतो. समोर तिथला फोरमन, साठीचा, घरात तेलुगू बोलणारा, बाहेर अस्सल सोलापुरी. लूमच्या खडखडाटात मी ओरडून व्याख्यान संपवलं. त्यानं नट पिरगाळून बघितला, हलला नाही. मग काचेवरच्या थेंबाला बोट लावलं.

"हे ओलंच हाय की साहेब. वाळतंय कधी?"

"हे वाळत नाही," मी ठरल्याप्रमाणे हसून म्हणालो. "हवेत ठेवलं तर आज नाही, उद्या नाही, वर्षभर..."

पुढचं वाक्य आलंच नाही. स्कूटरच्या चकतीला तर चारी बाजूंनी हवा. कानात लूमचा आवाज येईनासा झाला.

फोन लावला. वाजून वाजून बंद. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. ती फोन डिकीत ठेवते, गाडी चालवताना बोलायचं नाही ही शिस्त मीच लावलेली. मी बाहेर धावलो, पण माझ्या मोटरसायकलला किल्ली लागेना. किल्ली बरोबर होती, मी ती उलटी धरली होती.

मागून फोरमन आला. "काय झालं?"

"ब्रेकवर सांडलंय. बायकोच्या गाडीच्या. लेक मागं बसलीय."

त्यानं माझ्या हातातून किल्ली घेतली. "तुमी नका चालवू. मागं बसा."

रस्ताभर मला प्रत्येक गर्दी अपघाताची वाटली. चार माणसं वडापावच्या गाड्यापाशी उभी दिसली तरी मी फोरमनचा खांदा दाबायचो. सिद्धेश्वराला एक नारळ बोललो, पुलाशी येईपर्यंत त्याचे अकरा झाले. उलट दिशेनं अँब्युलन्स गेली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. "रिकामी हाय ती," फोरमन मागं न बघता म्हणाला. ती रिकामी आहे हे त्याला कसं कळलं, मी विचारलं नाही.

पुलाच्या उताराला खाली रसाचं गुऱ्हाळ आहे. त्याच्यापुढं माणसं जमली होती आणि रस्त्याच्या कामाला टाकलेल्या वाळूच्या ढिगात स्कूटरचं पुढचं चाक निम्मं रुतलं होतं. मला माणसांच्या पायांमधून आधी एक छोटा काळा बूट दिसला. नुसता बूट. तेवढ्या चार पावलांत मी काय काय बघितलं, ते लिहवत नाही.

बुटाची मालकीण बाकावर बसली होती. रसवाल्यानं तिच्या गुडघ्यावर बर्फ धरला होता आणि ती दुसऱ्या हातानं रस पीत होती. बायको शेजारी उभी. तिच्या चेहऱ्याला रंगच नव्हता.

"ब्रेक धरलाच नाही हो," ती म्हणाली. "पुढं बस उभी होती. मागचा दाबला तर गाडी नुसती घसरायला लागली. मी सरळ वाळूत घातली." मग खाली बघून म्हणाली, "माझंच चुकलं असणार. मला नाहीच जमत. विकून टाका ही गाडी."

सांगताना आजही लाज वाटते. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "असू दे. सुरुवातीला होतं असं."

फोरमन तोवर गाडीपाशी उकिडवा बसला होता. त्यानं चकतीवर बोट फिरवलं, वास घेतला आणि ते तांबूस बोट वर करून माझ्याकडे धरलं.

"साहेब, हे ओलंच हाय की."

एवढंच. पण बोट खाली घेतलं नाही.

मग मी सांगितलं. रविवारपासून सगळं, रसवाल्यासकट सगळ्यांसमोर. बायकोनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे वाळत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी रोज लोकांना हेच सांगतो."

"आम्हाला सोडून," ती म्हणाली, आणि पोरीचा बूट उचलून वाळू झाडायला लागली.

गॅरेजवाल्यानं चकती धुतली, पॅड फेकून दिले. पण ब्रेकचे बोल्ट काही केल्या सुटेनात. आत हवा नव्हती, तिथं औषध माझ्या व्याख्यानाबरहुकूम वागलं होतं. गॅसच्या बत्तीनं तापवावे लागले. "कुठल्या गाढवानं लाल ओतलंय?" त्यानं विचारलं. बायको म्हणाली, "आहेत एक आमच्या ओळखीचे."

पंधरा दिवस गाडी झाकून ठेवलेली होती. विकण्याचं बायको पुन्हा बोलली नाही. सोळाव्या दिवशी तिनं कापड काढलं.

आता रोज अकराला मी गॅलरीत उभा असतो. कामावर उशीर होतो, होऊ दे. खाली पोरगी आधी वाकते, चकतीला बोट लावते आणि ते आईला दाखवते. आई बघते, मान हलवते. मग पोरगी मागं बसते. ते बोट कोरडं आहे की नाही, हे वरून मला दिसत नाही. तिनं मान हलवेपर्यंत मी गॅलरीचा कठडा सोडत नाही.